ऋणनिर्देशात राहून गेलेलं नाव

माझी पहिली कादंबरी मी स्वतःच छापली. त्याआधी ती तीन प्रकाशकांकडे जाऊन आली होती. एकाने पोच दिली, एकाने सहा महिन्यांनी "सध्या नवीन लेखकांचे घेत नाही" असं कळवलं, तिसऱ्याकडून काहीच आलं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारा, कुणी नाव न ऐकलेला माणूस. त्याचं जाडजूड बाड कुणी कशाला उघडून बघावं? कादंबरी होती ऊसतोडीला आईबाप गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या मुलांची. ती मुलं मला माहीत होती, कारण मी त्यांतलाच.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, बोरीजवळ. कोरडवाहू दोन एकर. दसरा झाला की आईवडील टोळीबरोबर कारखान्यावर जायचे ते ऊन तापल्यावरच परत यायचे. चौथीपर्यंत मी त्यांच्यासोबत फिरलो आणि शाळेत जेमतेम अर्धं वर्ष बसलो. पाचवीच्या तोंडाला मामा घरी आले आणि आईला म्हणाले, "ह्याला मी नेतो. तुमी जा कुठं जायचं तिकडं." राणीसावरगावला मामांच्या घरी मी पाचवी ते दहावी राहिलो. त्यांची स्वतःची तीन मुलं होती. ताट वाढताना मामींनी कधी फरक केला नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि त्या पदवीची सुरुवात मामांच्या ओसरीवर झाली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला गरज नव्हती म्हणून इतरांनाही नसेल असं मी धरून चाललो, तिथंच चुकलो.

परभणीत स्टेशनच्या बाजूला एक छापखाना आहे. तिथे लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपत्रकं, निवडणुकीची पत्रकं छापतात. पुस्तकं त्यांनी तोवर दोनच छापली होती, एक कवितांचं आणि एक खतांच्या माहितीचं. मालक वयस्कर, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. पाचशे प्रतींचं ठरलं. प्रकाशक म्हणून बायकोचं नाव घातलं. स्वतःचं पुस्तक स्वतःच छापणारे बरेचजण असंच करतात, असं मला एका मित्राने सांगितलं होतं.

शेवटचं प्रूफ हातात देताना मालक म्हणाले, "सर, आतलं तुमी तुमच्या सवडीनं बघा. पर ही नावं नीट तपासा. गोष्टीत चूक झाली तर कुणी येत न्हाई. नावात झाली की लोक दुकानात येतेत."

मी हसलो. नावं मी आधीच तीनदा तपासली होती. ऋणनिर्देश लिहायला मला कादंबरीच्या एखाद्या प्रकरणाइतका वेळ लागला होता. मला निबंध लिहायला लावणारे राणीसावरगावचे गुरुजी, कॉलेजातले तीन प्राध्यापक, ग्रंथपाल, हस्तलिखित वाचणारे दोन मित्र, मुखपृष्ठ काढणारा चित्रकार, अक्षरजुळणी करणारी मुलगी, छापखान्याचे मालक, मुद्रितं तपासणारी बायको. सगळी मिळून अकरा नावं, पूर्ण, गावासकट. अर्पणपत्रिका आईवडिलांना होती. आणि ऋणनिर्देशाच्या शेवटी मी दोन वाक्यं लिहिली होती: "घरच्या माणसांचे आभार मानून मी त्यांना परके करू इच्छित नाही. त्यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल." अशी वाक्यं मी बऱ्याच पुस्तकांत वाचली होती. मला ती फार चांगली वाटायची. ती लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मामाच होते, हे मी आजही शपथेवर सांगू शकतो.

पहिल्या पाच प्रती हातात आल्या तशी मी गंगाखेडची बस धरली आणि तिथून राणीसावरगाव गाठलं. मामांच्या पायावर डोकं ठेवलं, पेढ्याचा पुडा आणि पुस्तक हातात दिलं. त्यांनी पुस्तक कपाळाला लावलं, देवापुढे ठेवलं. मामी म्हणाल्या, "एवढं समदं तूच लिहिलंस?" मामा म्हणाले, "मंग काय शेजाऱ्यानं लिहिलं?" जेवून मी परतीच्या बसने परभणीला आलो. प्रकाशन समारंभ दसऱ्यानंतरच्या रविवारी होता. मामांना मी म्हणालो, "तुमची खुर्ची पहिल्या रांगेत हाय." ते म्हणाले, "येतो की. न यायला काय झालं?"

समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "रान वाफशावर आलंय. हरभरा पेरायचाय. जमत न्हाई बघ." मी म्हणालो, एका दिवसाने काय होतंय मामा? ते म्हणाले, "तुला आता रानातलं काय कळतंय? बरं, ठेव." फोन बंद झाला. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, कुणासाठी थांबत नाही हे मलाही माहीत होतं, म्हणून मी ते खरं मानलं.

समारंभ एका वाचनालयाच्या सभागृहात झाला. साठेक माणसं आली. आई इरकल नेसून वडिलांशेजारी पहिल्या रांगेत बसली होती; त्यांची ऊसतोड केव्हाच सुटली होती. प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना ती दोनदा मागे वळून दाराकडे बघत होती. शेवटी मला जवळ बोलावून म्हणाली, "दादा कामून आला न्हाई?" मी म्हणालो, पेरणी. ती म्हणाली, "तुझ्या बारशाला आला होता त्यो, भर खुरपणीतून."

त्यानंतर मामांचा दर रविवारी येणारा फोन बंद झाला. मी केला तर "बरं हाय, ठेव" एवढंच. मला वाटलं, कामाचे दिवस आहेत. त्या महिन्यात मी पुस्तकाच्या धामधुमीत होतो. धामधूम म्हणजे काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मुखपृष्ठाचं चित्र टाकायचं, त्याला अंगठे आणि फुलं यायची. जो भेटेल त्याला "सप्रेम भेट" लिहून प्रत द्यायची. दीडशेच्या वर प्रती मी अशा वाटल्या. विकत घ्या म्हणायला जीभ उचलत नव्हती. उरलेले गठ्ठे आमच्या एका खोलीच्या घरात दिवाणाखाली होते आणि बायको झाडताना दरवेळी त्यांना झाडू लावून म्हणायची, "हे पाव्हणे कधी जाणार?"

भाऊबीजेला आईला घेऊन मी राणीसावरगावला गेलो. मामा दारातच होते. आईला "ये" म्हणाले, मला काहीच नाही. ओवाळणी झाली, जेवणं झाली, मामा उठून रानाकडे गेले. मी स्वयंपाकघरात मामींजवळ जाऊन बसलो.

"मामी, मामांचं काय बिनसलंय?"

त्या भांडी पालथी घालत होत्या. म्हणाल्या, "मला इचारतोस? तुला ठावं न्हाई?"

"खरंच न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. मी पुस्तक देऊन गेलो त्या संध्याकाळी मामा ते घेऊन पारावर गेले होते. चारचौघांना दाखवायला. तिथे एक निवृत्त तलाठी बसतात, गावातली लग्नपत्रिका आधी त्यांच्या हातात जाते आणि ते ती मोठ्याने वाचतात. त्यांनी पुस्तक उघडलं ते थेट ऋणनिर्देशाच्या पानावर. पत्रिका वाचावी तशी एकेक नाव वाचलं, गावासकट. गुरुजींचं आलं तेव्हा लोक म्हणाले, वा. अकरा नावं झाली. मग कुणीतरी म्हणालं, "आन् तुमचं?"

"हे म्हनले, असंल मागं," मामी सांगत होत्या. "मागं बघितलं. शेवटच्या पानापातुर बघितलं. तलाठी म्हनले, न्हाई बघा. बायकोचं नाव दोनदा हाय, मामाचं एकदाबी न्हाई."

मी म्हणालो, "मामी, पर खाली लिहिलंय की. घरच्या माणसांचे आभार..."

"तेबी वाचलं त्यांनी. तवा एक जण म्हनला, म्हंजी घरच्याला काट मारली."

मी उठलो आणि रानाकडे गेलो. मामा बांधावर उकिडवे बसून उगवलेला हरभरा बघत होते. मी शेजारी बसलो. काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं, पण ते सगळं पुस्तकी होतं.

"मामा, पुस्तकात घरच्यांचे आभार मानत न्हाईत. तशी पद्धत हाय. आभार परक्याचे मानायचे."

मामांनी एक ढेकूळ उचलून फोडलं. मग म्हणाले, "लग्नाच्या पत्रिकेत मामाचं नाव टाकतेत का न्हाई?"

"टाकतेत."

"मामा परका असतो का?"

मी एम.ए. मराठी आहे, वर्गात पोरांना आभारप्रदर्शनाचा नमुना शिकवतो. पण आमच्या भागात छापलेल्या कागदावर नाव येणं म्हणजे काय, ते मी विसरलो होतो. इथे माणसाचं नाव छापून येतं ते एक तर पत्रिकेत, नाही तर दहाव्याच्या कार्डावर. पत्रिकेत नाव असणं म्हणजे हा माणूस या कार्यात उभा होता, याची गावाला दिलेली पावती. आपल्या माणसाचं नाव गाळून "ते मनात आहेत" असं पत्रिकेवर कुणी छापत नाही.

"आभार मागितले का म्या तुला?" मामा म्हणाले. "कधी एक शब्द काढला का? पर लोकांनी इचारलं तर म्या काय सांगू? सा वर्षं पोरगं माझ्या घरी होतं, का सपनात होतं?"

मी म्हणालो, "मामा, चुकलं. उरलेल्या प्रतींत मी एक चिठ्ठी छापून चिकटवतो. शुद्धिपत्रक म्हणतेत त्याला. तुमचं नाव पहिलं घालतो."

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "चिठ्ठी? पत्रिका छापून झाल्यावर पेनानं नाव घालून आणतेत काही जण. तसली पत्रिका म्या कधी हातात घेतली का?"

"मंग काय करू, सांगा."

"मला इचारतोस? शिकलेला तू."

घरी आल्यावर मामींनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि चहा ठेवला. मामा हात धुवायला मागे गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "एवढं काय अवघड हाय? हायती ती पुस्तकं संपव आन् दुसरी छाप. डब्यातलं संपल्याबिगर नवं कुठं भरायचं?"

दुसरी आवृत्ती. परभणीतल्या नव्या लेखकाची दुसरी आवृत्ती निघालेली मी तरी पाहिली नव्हती. दिवाणाखाली तीनशेहून जास्त प्रती होत्या. बसमध्ये आई म्हणाली, "इकल्या जातील का रं?" मी म्हणालो, "इकाव्या लागतील."

तोवर पुस्तक विकायची मला लाज वाटत होती. आता लाज धरून भागणार नव्हतं. मी एक पिशवी शिवून घेतली, तिच्यात पंचवीस प्रती बसायच्या. कॉलेजात तास नसेल त्या दिवशी एक गाव घ्यायचं. आधी शाळा. मुख्याध्यापकांना भेटायचं, परिपाठाला दहा मिनिटं मागायची, ऊसतोडीला आईबाप गेलेल्या पोरांबद्दल बोलायचं. पोरं पुस्तक घेत नाहीत, पण शिक्षक घ्यायचे, एखाददुसरी प्रत शाळेच्या वाचनालयात जायची. एका शाळेत मी बोलत असताना पुढच्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली. बाई म्हणाल्या, तिचे आईबाप परवाच तोडीला गेले. त्या शाळेत मी विक्रीचं काहीच बोललो नाही, एक प्रत ठेवून निघून आलो.

बोरीच्या आठवडी बाजारात बांगड्यांच्या दुकानाशेजारी पोतं अंथरून बसलो. बांगडीवाल्या मावशी आधी मला औषधवाला समजल्या. "कशावर हाय ते?" मी म्हणालो, "गोष्टीचं पुस्तक हाय मावशी." त्या म्हणाल्या, "असं व्हय. मला वाटलं गुडघ्यावर हाय." दुपारपर्यंत चार प्रती गेल्या. त्यातली एक एका तरुण शेतकऱ्याने घेतली. त्याने पैसे देण्याआधी पुस्तक उघडलं आणि ऋणनिर्देशावर बोट ठेवून वाचत गेला. "ह्यातले ग्रंथपाल माझ्या वळखीचे हायत," म्हणाला आणि तेवढ्यासाठी घेतलं. त्यानंतर मी नीट बघायला लागलो. दहातले सात जण पुस्तक तिथूनच उघडत होते. आणि प्रत्येक वेळी त्यांचं बोट अकराव्या नावावर थांबलं की मला मान खाली घालावीशी वाटायची.

मोठा गठ्ठा गेला तो पिंगळीला. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका मॅडमचे वडील निवृत्त होत होते. निरोप समारंभाला येणाऱ्यांना टॉवेल-टोपी द्यायचं त्यांच्या मनात होतं. मी धीर करून म्हणालो, मॅडम, टोपीऐवजी पुस्तक दिलं तर? त्या म्हणाल्या, "वडलांना इचारून सांगते." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "वडील म्हणले, टोपी कुणी घालत न्हाई, पुस्तक कुणी वाचत न्हाई. पर पुस्तक दिसायला बरं दिसतंय." साठ प्रती तिथे गेल्या. यातल्या किती वाचल्या गेल्या, ते मला माहीत नाही. पण त्या समारंभातून मला दोन फोन आले आणि एक माणूस पुस्तकातल्या धाकट्या बहिणीबद्दल अर्धा तास बोलला.

मामांचा फोन येत नव्हता, मामींचा यायला लागला. आठ-पंधरा दिवसांनी. आधी इकडचं तिकडचं, मग, "किती राहिली रं?" मी आकडा सांगायचो. त्या तो मोठ्याने परत म्हणायच्या, मला नव्हे, घरात कुणालातरी. एकदा म्हणाल्या, "गंगाखेडला एक मास्तर हायत. त्यांच्या संस्थेच्या चार शाळा हायत. त्यांना भेट." मागून मामांचा आवाज आला, "मंगळवारी म्हण. मंगळवारी असतेत ते." मामी म्हणाल्या, "मंगळवारी जा." परत आवाज, "म्या सांगितलं म्हणू नको म्हण." मामी फोनात म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं? ह्यांनी सांगितलं न्हाई."

मंगळवारी मी गेलो. मास्तरांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुमच्या मामांनी चार दिवसांत तीन चकरा मारल्या. आता न घेऊन सांगू कुणाला?" तिथे चाळीस प्रती गेल्या.

पुढच्या खरिपाची पेरणी आटोपली तोवर दिवाणाखाली अकरा प्रती उरल्या होत्या. छापखान्याच्या मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "दुसरी? ह्याच पुस्तकाची?" या खेपेला तीनशेच प्रती ठरल्या. आत काही बदललं नाही, दोन-चार छपाईच्या चुका काढल्या. ऋणनिर्देश मात्र नवा लिहिला. ते घरच्यांचं वाक्य काढून टाकलं. सगळ्यांत वर, स्वतंत्र ओळीत, मामांचं आणि मामींचं पूर्ण नाव, राणीसावरगाव, आणि त्यांच्या घरी राहून मी कोणत्या वर्गापासून कोणत्या वर्गापर्यंत शिकलो ते. विशेषण एकही घातलं नाही.

ते पान छापायच्या आधी मामांना दाखवायचं ठरवलं. प्रूफ घेऊन गेलो. मामांनी चष्मा शोधला, ओसरीवर उजेडाला बसले आणि बोट ठेवून वाचायला लागले. मामी दाराला टेकून उभ्या होत्या.

"हिचंबी घातलंस," मामा म्हणाले.

मामी पुढे आल्या. "कुठलं माझं? दाव." मी दाखवलं. त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं. "मला वाटलं, पुस्तकात तरी माहेरचं नाव येईल."

"मंग तुझ्या भावाला म्हण, पुस्तक लिही," मामा म्हणाले. पुन्हा पानाकडे वळले. बराच वेळ त्यांचं बोट खाली-वर होत राहिलं. "ह्यात गुरुजी कुठंयत?"

"दुसरे. तुमच्या खाली."

"त्यांना वर घे."

"मामा, तुमच्यासाठीच तर ही आवृत्ती..."

"म्या खाऊ घातलं. लिहायला त्यांनी लावलं. त्यांच्या वर माझं नाव बघितलं तर गाव मला हसंल." मग म्हणाले, "मला वर बसायचं न्हवतं रं. पंगतीत बसायचं होतं."

"वरीसभर तोंड फुगवून बसले," मामी म्हणाल्या, "आन् आता पाट दिला तर मागं सरकायलेत."

मी पेन काढून प्रूफवर बाण ओढला आणि गुरुजींचं नाव वर घेतलं. मामांनी ते पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून बघितलं आणि कागद माझ्याकडे दिला. या लेखात मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. पुस्तकात आलं तेवढं पुष्कळ झालं, आता प्रत्येक कागदावर नको, असं ते म्हणाले.

निघायच्या वेळी ते फाट्यापर्यंत सोबत आले. बस यायला वेळ होता.

"ह्या खेपेला समारंभ कधी हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "दुसऱ्या आवृत्तीला समारंभ करत न्हाईत मामा. तो पहिल्यालाच असतो."

ते रस्त्याकडे बघत राहिले. "असं हाय व्हय." मग म्हणाले, "हरभरा दोन दिवसांनी पेरला असता तरी चाललं असतं."

बस आली. त्यांनी हात दाखवून ती थांबवली.